पिण्याच्या पाण्याची चव ठिकाणागणिक का बदलते?

धागाकर्ता : ओहोळ

पाणी हे रंगहीन, गंधहीन आणि चवहीन असते, असे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. परंतु परक्या ठिकाणचे पाणी तोंडात घेताच ते आपल्या नेहमीच्या पाण्यासारखे नाही, हे जिभेला तत्काळ कळते. कुठले पाणी गोड लागते, कुठले मचूळ, कुठले किंचित कडवट, तर कुठले इतके सपक, की पोटभर प्यायले तरी तहान भागल्याचे समाधान मिळत नाही. पाठ्यपुस्तकातले विधान खोटे नाही, पण ते ज्या पाण्याबद्दल आहे ते पाणी प्रयोगशाळेबाहेर सहसा कोणाच्या पेल्यात येत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे चवीतला हा फरक अनेक टप्प्यांवर पडत जातो : पाणी ज्या खडकांतून आणि मातीतून झिरपते तिथे, ते ज्या तलावात साठते तिथे, शुद्धीकरण केंद्रात, आणि शेवटी घरापर्यंत येणाऱ्या नळांत. यांपैकी कोणत्या टप्प्याचा वाटा किती, आणि आपल्या जिभेचा स्वतःचा हिशेब त्यात कितपत मिसळलेला असतो, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती. एक प्रश्न विशेष महत्त्वाचा वाटतो : चांगली चव म्हणजे चांगले पाणी, हे समीकरण कितपत विश्वासार्ह आहे?

प्रतिसाद : कातळ

सुरुवात जमिनीपासून करतो, कारण चवीतला सर्वांत जुना वाटा तिचाच आहे.

पावसाच्या थेंबात क्षार जवळजवळ नसतात. हवेतला थोडासा कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे त्याचा सामू (पीएच) ५.६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, इतकेच. खरा बदल पाणी मातीत मुरू लागल्यावर होतो. झाडांची मुळे आणि सूक्ष्मजीव सतत श्वसन करीत असल्यामुळे मातीच्या कणांमधल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असू शकते. तो वायू पाण्यात विरघळून सौम्य कार्बॉनिक आम्ल तयार होते, आणि हे आम्लच खडकांतले क्षार सोडवून घेते. चुनखडीचा खडक असेल तर पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर येतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरी पुटे चढतात आणि पाणी तोंडाला भरीव लागते. ग्रॅनाइट फार सावकाश झिजतो, त्यामुळे त्याच्या भेगांतून लवकर वाहून आलेले पाणी बहुधा मृदू आणि हलके असते. बेसाल्टमधून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम आणि सिलिकाही येतात. जिप्समचे थर लागले की सल्फेट वाढते आणि कडवटपणा येतो.

खडकाइतकेच महत्त्व वेळेला आहे. तोच खडक असला तरी काही आठवड्यांत झऱ्यातून बाहेर पडणारे पाणी आणि शेकडो वर्षे खोल मुरून राहिलेले पाणी यांची चव एक नसते. खोल विंधन विहिरीचे पाणी जवळच्याच उथळ विहिरीपेक्षा अनेकदा अधिक क्षारयुक्त निघते, त्याचे कारण हेच.

समुद्रकाठचा एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी १९ ग्रॅमांच्या आसपास केवळ क्लोराइड असते. क्लोराइडची चव साधारणतः लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅमपासून जाणवू लागते. म्हणजे गोड्या पाण्याच्या ९८ भागांत समुद्राच्या पाण्याचे अवघे २ भाग मिसळले, तरी ती मर्यादा ओलांडली जाते. उपसा अधिक झाला की समुद्राचे पाणी भूजलात आत सरकते, आणि विहिरी खाऱ्या झाल्याची तक्रार सुरू होते. त्यासाठी समुद्र विहिरीपर्यंत 'पोहोचावा' लागत नाही.

एकूण विरघळलेल्या क्षारांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला ढोबळ निकष असा आहे : लिटरला ६०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेले पाणी सर्वसाधारणपणे चवीला चांगले मानले जाते, आणि १००० मिलिग्रॅमच्या पुढे ते अधिकाधिक नकोसे होत जाते. अत्यंत कमी क्षारांचे पाणीही सपक लागल्यामुळे लोकांना आवडत नाही, हेही तिथेच नमूद आहे.

प्रतिसाद : सहजच

कातळ यांच्या प्रतिसादातल्या शेवटच्या वाक्याने गोंधळात पडलो आहे. क्षार ही जर भर पडलेली गोष्ट असेल, तर ते जितके कमी तितके पाणी शुद्ध आणि शुद्ध पाणी सर्वांत गोड, असे असायला हवे. प्रत्यक्षात उकळून गार केलेले पाणी आणि आरओ यंत्रातून आलेले पाणी दोन्ही मला बेचव लागतात. उकळल्यामुळे प्राणवायू निघून जातो म्हणून असे होते, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

प्रतिसाद : रसना

सहजच यांचा प्रश्न या विषयाच्या गाभ्याशी जातो. आपली जीभ कधीही कोरी नसते. तिच्यावर सतत लाळेचा थर असतो आणि त्या लाळेत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट हे सारे असते. या क्षारांची जिभेला इतकी सवय झालेली असते, की त्यांची स्वतंत्र चव आपल्याला जाणवत नाही. त्यामुळे पाण्याची चव म्हणजे त्या पाण्यातले घटक आणि आपली लाळ यांच्यातला फरक. ज्या पाण्यात लाळेपेक्षा क्षार फारच कमी असतात, ते पाणी लाळ धुऊन टाकते आणि हा अभावही जिभेला एक चव म्हणूनच कळतो. ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले पाणी, अनेकांना सपक, काहींना तर किंचित कडवट लागते, ते यामुळे. 'शुद्ध म्हणून गोड' हे गणित जिभेच्या बाबतीत लागू पडत नाही.

अमेरिकी संशोधक लिंडा बार्टोशुक यांनी १९६० च्या दशकापासून यावर काम केले. जीभ काही काळ मिठाच्या द्रावणात भिजवून ठेवली आणि नंतर तिच्यावर साधे पाणी सोडले, तर ते आंबट-कडवट लागते. सायट्रिक आम्लाच्या द्रावणानंतर तेच पाणी गोडसर लागते. पाणी बदललेले नसते, त्याच्या आधी जिभेवर काय होते ते बदललेले असते. खाण्याच्या आधी आणि नंतर एकाच तांब्यातले पाणी वेगळे का लागते, याचे उत्तरही त्यात आले.

२०१७ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील युकी ओका यांच्या गटाने उंदरांवर केलेला एक प्रयोग तर फारच बोलका आहे. आंबट चव ओळखणाऱ्या पेशीच पाण्यालाही प्रतिसाद देतात, असे त्यांना आढळले. पाण्याने लाळेतले बायकार्बोनेट धुतले जाऊन तिथला सामू बदलतो आणि तो बदल या पेशी टिपतात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. पुढे त्यांनी या पेशी प्रकाशाने उत्तेजित होतील अशी योजना केली आणि तहानलेल्या उंदरांसमोर पाण्याऐवजी केवळ निळा प्रकाश सोडणारी नळी ठेवली. उंदीर ती कोरडी नळी चाटत राहिले. तहान अर्थातच भागली नाही.

आता उकळलेल्या पाण्याकडे. उकळल्यावर विरघळलेला प्राणवायू निघून जातो हे खरे, पण प्राणवायूला स्वतःची चव नाही. चवीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो कार्बन डायऑक्साइड, कारण त्याच्यामुळे पाण्याला हलकासा तजेला असतो. उकळताना तो उडून जातो, आणि तो गेला की बायकार्बोनेटचे संतुलन बिघडून कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. किटलीच्या आत हात फिरवल्यावर जो खरखरीत पांढरा थर लागतो, तो म्हणजे कालपर्यंत त्या पाण्याच्या चवीचा भाग असलेले कॅल्शियमच होय. वायू गेला, कॅल्शियमचा काही भाग गेला, क्लोरीनचा वासही गेला. मागे उरलेले पाणी वेगळे लागले नाही तरच नवल. सोडियम आणि क्लोराइड मात्र उकळून जात नाहीत. त्यामुळे खारट पाणी उकळून गोड होण्याची आशा बाळगू नये. थोडी वाफ निघून गेल्यामुळे ते कणभर अधिकच खारट होते.

आणखी एक मुद्दा. आपण ज्याला पाण्याची चव म्हणतो, तिच्यातला मोठा भाग वासाचा असतो. नाक चिमटीत धरून पाण्याचा घोट घ्या, तोंडात फिरवा आणि मग नाक सोडा. मातकट, शेवाळी, औषधी, रबरासारखी वाटणारी 'चव' नाक सोडल्याक्षणी एकदम प्रकट होते. नाक बंद असतानाही जी टिकते, ती खारट, कडवट, आंबट किंवा तुरट संवेदना तेवढी खरोखर तोंडातली.

प्रतिसाद : निवळी

जलशुद्धीकरणाच्या कामाशी अनेक वर्षे संबंध असल्यामुळे रसना यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन देते. लोक तक्रार 'चवीची' करतात, पण बहुतेक वेळा मूळ वासात सापडते. त्यातही पहिला आरोपी ठरलेला असतो : क्लोरीन.

क्लोरीनविषयी थोडे न्यायाने बोलले पाहिजे. केंद्रातून निघालेले पाणी नळांच्या लांबलचक जाळ्यातून जाताना पुन्हा दूषित होऊ नये म्हणून त्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवावा लागतो. ग्राहकापर्यंत पोहोचताना तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. संवेदनशील नाकाच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅमलाही त्याची चाहूल लागते. म्हणजे सुरक्षिततेसाठी लागणारे प्रमाण आणि नाकाला खटकणारे प्रमाण यांत अंतर फारच थोडे आहे. केंद्राच्या जवळ राहणाऱ्याला वास अधिक आणि जाळ्याच्या टोकाला राहणाऱ्याला कमी, हा फरक एकाच गावातही पडतो.

मात्र 'औषधाचा वास' म्हणून जी तक्रार येते, ती पुष्कळदा निव्वळ क्लोरीनची नसते. पाण्यात फिनॉलचा लवलेश असेल आणि त्याच्याशी क्लोरीनचा संयोग झाला, तर क्लोरोफिनॉले तयार होतात, आणि त्यांतली काही लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी प्रमाणात जाणवतात. फिनॉल कुठून येते? कारखान्याच्या सांडपाण्यातून येते, कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून येते आणि कधीकधी अगदी घरातल्या रबरी नळीतून किंवा वॉशरमधूनही येते. अशा वेळी सबंध वस्तीत एकाच घरी वास येतो आणि केंद्रातल्या नमुन्यात काहीच सापडत नाही.

दुसरी मोठी तक्रार मातकट वासाची. तिचे मूळ तलावात असते. नील-हरित जीवाणू आणि ॲक्टिनोमायसीट्स हे सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो वास येतो, त्यातला मुख्य घटक तोच. नॅन्सी गर्बर आणि हुबर्ट लेशव्हालिए यांनी १९६५ साली ते वेगळे काढून त्याला नाव दिले. जिओस्मिन पाण्यात लिटरला १० नॅनोग्रॅम इतके अल्प असले तरी अनेकांना कळते. हिशेब मांडला तर १ ग्रॅम जिओस्मिन १० कोटी लिटर पाण्याला वास आणू शकते. गंमत अशी, की पावसानंतर जो वास आपण छाती भरून घेतो, तोच पेल्यात आला की आपण पाणी ओतून देतो. या प्रमाणात जिओस्मिन अपायकारक नाही; पण ते क्लोरीनला दाद देत नाही, त्यासाठी सक्रिय कोळसा किंवा ओझोन वापरावा लागतो आणि सर्वच केंद्रांना ते परवडत नाही.

ऋतूनुसार चव का बदलते, हे ओहोळ यांनी विचारलेले नाही, पण तेही इथेच सांगते. खोल तलावात उन्हाळ्यात ऊबदार पाणी वर तरंगते आणि गार पाणी तळाशी अडकते. तळाशी प्राणवायू संपला की गाळातले लोह आणि मँगनीज पाण्यात उतरू लागतात, हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. हवा थंडावल्यावर वरचे पाणी गार आणि जड होऊन खाली जाते आणि सारा तलाव ढवळून निघतो. त्या काळात तळाचा ऐवज सर्वत्र पसरतो आणि तलाव तोच, केंद्र तेच, कर्मचारी तेच असूनही नळाचे पाणी वेगळे लागते.

प्रतिसाद : सहजच

रसना आणि निवळी, दोघींचे आभार; आता चित्र बरेच स्पष्ट झाले. परंतु एकाच इमारतीत, एकाच दिवशी, सकाळचे पहिले पाणी आणि नंतरचे पाणी यांत जो फरक पडतो तो तलावाचा किंवा खडकाचा असू शकत नाही. तो नळाचा समजावा का?

प्रतिसाद : निवळी

होय, बहुतांशी नळाचाच. पाणी रात्रभर धातूच्या नळात स्थिर राहिले की धातूचा अंश त्यात उतरतो. लोखंडाचा नळ असेल तर लोह येते, जस्ताचा मुलामा असलेला असेल तर जस्त आणि तांब्याचा असेल तर तांबे. जस्त लिटरला सुमारे ४ मिलिग्रॅमच्या पुढे तुरट लागते. लोहाची चव ०.३ मिलिग्रॅमच्या खाली सहसा कळत नाही. पाणी मृदू आणि आम्लधर्मी असेल तर हे झिजणे अधिक होते. दुष्फेन पाणी, म्हणजे साबणाला फेस न येणारे क्षारयुक्त पाणी, नळाच्या आतून कार्बोनेटचा पातळ थर चढवून काही प्रमाणात संरक्षण देते. त्यामुळे कातळ यांनी वर्णन केलेले ग्रॅनाइटचे 'हलके' पाणी चवीला कितीही सुरेख असले, तरी जुन्या नळांना ते फारसे मानवत नाही.

तक्रारीचे मूळ शोधताना आम्ही काही साध्या गोष्टी करून पाहायला सांगतो. वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर पाणी तापवण्याच्या टाकीत दोष आहे. त्या टाकीतल्या मॅग्नेशियमच्या कांडीमुळे आणि सल्फेटवर वाढणाऱ्या जीवाणूंमुळे कुजक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. पहिल्या धारेला चव येते आणि थोडे पाणी वाहू दिल्यावर जाते, तर दोष घरातल्या नळांत आहे. दिवसभर कोणत्याही वेळी सारखीच चव येत असेल, तरच स्रोताकडे किंवा केंद्राकडे बोट दाखवावे. आणि पेला भरून दुसऱ्या खोलीत नेऊन वास घ्यावा, कारण पुष्कळदा वास पाण्याचा नसून मोरीच्या तोंडातून येत असतो.

प्रतिसाद : चिकित्सक

आतापर्यंतची चर्चा उत्तम झाली, परंतु ओहोळ यांच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. चांगली चव म्हणजे चांगले पाणी, या समीकरणावर मुळीच विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची भयंकर साथ आली आणि डॉ. जॉन स्नो यांनी तिचा संबंध तिथल्या एका सार्वजनिक पंपाशी जोडून दाखवला, ही हकिगत अनेकांना ठाऊक असेल. त्यातला एक मृत्यू मात्र विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. सुझॅना इली नावाच्या विधवा बाई पूर्वी त्या भागात राहत असत आणि नंतर दूर हॅम्पस्टेडला राहायला गेल्या होत्या. हॅम्पस्टेडमध्ये साथ नव्हती. परंतु ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव त्यांना इतकी आवडत असे, की त्या पंपाच्या पाण्याची बाटली गाडीतून रोज मागवीत. ते पाणी पिऊन त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याकडे आलेल्या पुतणीने ते पाणी प्यायले आणि तिचाही पटकीने अंत झाला. साथीच्या ठिकाणापासून इतक्या दूर घडलेले हे मृत्यू स्नो यांच्या दृष्टीने अत्यंत निर्णायक पुरावा ठरले. चवदार पाण्याने इतका स्वच्छ दाखला इतरत्र क्वचितच दिला असेल.

रासायनिक विषांची गोष्ट याहून निराळी नाही. बांगलादेशात लक्षावधी कूपनलिकांतून आलेल्या पाण्यात आर्सेनिक आढळले. ते पाणी स्वच्छ दिसत होते आणि आर्सेनिकची चवही लागत नव्हती. शिशाचेही तसेच आहे. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घेण्यात आले आणि नळांची झीज रोखणारे द्रव्य त्यात घातले गेले नाही. रंग, वास आणि चव यांविषयी नागरिकांनी तक्रारी केल्या, आणि त्या तक्रारी रास्तच होत्या. परंतु ज्या शिशाने खरा अपाय केला ते जिभेला कळत नव्हते. पूर्वीचा स्रोत ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. यावरून मी असे म्हणेन, की नेहमीच्या पाण्याची चव अचानक बदलली तर ती सूचना गंभीरपणे घ्यावी. मात्र चव चांगली आहे किंवा बदललेली नाही, यावरून निर्धास्त होऊ नये.

आता घरोघरी आलेल्या टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटरविषयी. हे उपकरण क्षार मोजत नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला साधारण ०.५ ते ०.७ या दरम्यानच्या एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवते. ज्या पदार्थांवर विद्युतभार नाही ते त्याला दिसतच नाहीत : जीवाणू, विषाणू, बहुतेक कीटकनाशके, निवळी यांनी सांगितलेले जिओस्मिन, यांपैकी काहीही. आर्सेनिक आणि शिसे यांची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. तितक्याने मीटरवरचा आकडा ढिम्म हलत नाही. आकडा ४० आला म्हणून पाणी निर्मळ आणि ४०० आला म्हणून ते अस्वच्छ, हा निष्कर्ष आकड्यात नाहीच. तो विक्रेत्याच्या बोलण्यात असतो.

प्रतिसाद : पाणवठा

चिकित्सक यांच्याशी सहमत आहे, तरीही मीटरला अगदीच मोडीत काढू नये. आपल्या पाण्याचा नेहमीचा आकडा ठाऊक असेल तर अचानक झालेली वाढ किंवा आरओचा पडदा निकामी झाल्याची खूण त्यावरून कळते. चवीचा अंदाज घेण्यासाठीही तो थोडाफार उपयोगी आहे. थोडाफारच म्हणतो, कारण एकच आकडा असलेली दोन पाणी अगदी वेगळी लागू शकतात : एकात ४०० मिलिग्रॅम मुख्यतः कॅल्शियम बायकार्बोनेट असेल आणि दुसऱ्यात मुख्यतः सोडियम क्लोराइड असेल, तर पहिले रुचकर आणि दुसरे मचूळ वाटेल.

बाटलीबंद पाण्याच्या लेबलांवर क्षारांचे तपशील छापलेले असतात, ते या दृष्टीने वाचण्यासारखे असतात. फ्रान्समधल्या तीन झऱ्यांचे पाहा. व्होल्व्हिकच्या ज्वालामुखीय खडकांतून येणाऱ्या पाण्यात लिटरला सुमारे १३० मिलिग्रॅम क्षार असतात आणि ते अगदी हलके लागते. आल्प्समधून येणाऱ्या एव्हियाँमध्ये सुमारे ३४५ मिलिग्रॅम असून त्यात कॅल्शियम ८० मिलिग्रॅमच्या आसपास असते. आणि व्हिशी सेलेस्ताँमध्ये क्षार ३००० मिलिग्रॅमच्या वर जातात, त्यांत सोडियमच ११०० मिलिग्रॅमहून अधिक असते. शेवटचे पाणी पहिल्यांदा पिणाऱ्याला ते खाण्याचा सोडा घातल्यासारखे वाटते; तरीही त्याचे चाहते आहेतच.

'चवदार पाणी' म्हणजे काय, हे कागदावर उतरवण्याचा एक प्रयत्नही झालेला आहे. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या अभ्यासगटाने १९८५ साली त्याचे निकष दिले. बाष्पीभवनानंतर उरणारे क्षार लिटरला ३० ते २०० मिलिग्रॅम, दुष्फेनता १० ते १०० मिलिग्रॅम, मुक्त कार्बन डायऑक्साइड ३ ते ३० मिलिग्रॅम, शिल्लक क्लोरीन ०.४ मिलिग्रॅमपर्यंत आणि तापमान २० अंशांपर्यंत. यात किमान मर्यादाही आहेत, हे सहजच यांनी अवश्य पाहावे. मला मात्र हे निकष सार्वत्रिक वाटत नाहीत. ते मृदू पाण्यावर वाढलेल्या जिभांचे निकष आहेत. चुनखडीच्या प्रदेशातला माणूस त्यांपैकी बरेचसे पाणी सपक ठरवील.

तापमानाला तिथे स्थान दिले आहे ते योग्यच आहे. गार पाण्यातून वासाची द्रव्ये कमी उडतात, त्यामुळे तेच पाणी गार असताना बरे आणि कोमट असताना नकोसे लागते. म्हणून दोन ठिकाणच्या पाण्यांची तुलना करायची असेल, तर दोन्ही एकाच तापमानाला आणावीत, एकसारख्या काचेच्या पेल्यांत घ्यावीत आणि पेले कोणी दुसऱ्यानेच भरावेत. तीन पेल्यांपैकी दोहोंत एक पाणी आणि तिसऱ्यात दुसरे ठेवून वेगळा पेला कोणता, एवढेच ओळखायला सांगावे. गोड कोणते हे विचारूच नये. स्वतःच्या पाण्याबद्दल शपथेवर सांगणारी माणसे या साध्या परीक्षेत गडबडतात, हे मी पाहिले आहे.

प्रतिसाद : कातळ

पाणवठा, पेले काचेचेच हवेत, हा आग्रह योग्य आहे. विशिष्ट प्लास्टिकच्या बाटलीत, विशेषतः ती उन्हात राहिली तर, ॲसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य अल्प प्रमाणात पाण्यात उतरते आणि त्याला गोडसर, फळासारखा वास येतो.

लोहाविषयी एक निरीक्षण नोंदवतो. खोल भूजलात प्राणवायू नसेल तर लोह विरघळलेल्या स्थितीत राहते. असे पाणी उपसून पेल्यात घेतले तर ते प्रथम काचेसारखे निवळ दिसते. पेला तसाच ठेवला तर हवेतला प्राणवायू मिसळत जातो, पाण्यावर हळूहळू पिवळसर झाक येते आणि मग तांबूस गाळ तळाशी उतरतो. ताज्या पाण्याची शाईसारखी, धातूची चव आणि गाळ बसल्यानंतरच्या पाण्याची चव यांत उघड फरक असतो. पाणी हवेत खेळवून मग गाळून घेण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते, आणि तिनेच हायड्रोजन सल्फाइडचा वासही बराचसा जातो.

प्रतिसाद : ओहोळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या मनात खडक आणि नळ यांचाच विचार होता. लाळेचा आणि सवयीचा वाटा इतका असेल, याची कल्पना नव्हती. निवळी यांना एक शेवटचा प्रश्न विचारतो. क्लोरीनचा वास घालवण्यासाठी पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवावे, असे सांगितले जाते. हा उपाय सर्व ठिकाणी सारखाच लागू पडतो का?

प्रतिसाद : निवळी

नाही, तो पाण्यात काय घातले आहे यावर अवलंबून आहे. मुक्त क्लोरीन असेल तर रुंद तोंडाच्या भांड्यात काही तास ठेवल्यावर बराचसा उडून जातो. परंतु अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) वापरतात. त्याचा वास मुळात सौम्य असतो आणि जाळ्यात ते अधिक काळ टिकते. त्याच गुणामुळे ते भांड्यातूनही सहजासहजी जात नाही. तिथे सक्रिय कोळशाचा फिल्टरच वापरावा लागतो, आणि त्याची कांडी वेळेवर बदलावी लागते. आपल्याकडे काय वापरले जाते, हे पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेला विचारल्यास कळू शकते.

एक खबरदारी मात्र दोन्ही ठिकाणी घ्यावी. क्लोरीन गेलेल्या पाण्याला संरक्षण राहत नाही. ते झाकून ठेवावे, शक्य तर गार जागी ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे.